आप्पांनी काढलेल्या चुका

शिरूरच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे मोबाईलला सांगून काढून घेतलेल्या चित्रांचा मला मनापासून राग यायचा. बचत गटाच्या ग्रुपवर बायका ती टाकायच्या आणि माझी बायको कौतुकानं मला दाखवायची. "याला चित्र म्हणत नाहीत, हा फुकटचा थाट आहे," असं मी म्हटलं की ती हसून फोन बाजूला ठेवायची.

गेल्या वर्षी वरवंडला माझे सासरे, आप्पा, घरातच पडले. दौंडच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण आप्पांनी बोलणं सोडलं. काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाई". जेवण निम्म्यावर आलं. मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेला माणूस खाटेवर पडून छताचे पत्रे बघत राहायचा. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा, मनानं उठले तरच ते पायावर उठतील.

मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती आणि त्या मेंढरांचा एकही फोटो कुणाकडं नव्हता. बायकोनं ठरवलं, मोबाईलकडून चित्र काढून घ्यायचं आणि आप्पांना दाखवायचं. मला तिनं विचारलंसुद्धा नाही. ते मला लागलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "तुम्हाला सवड कवा असती?" एवढंच ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

दुपारभर ती फोनशी बोलत बसली. पहिल्या चित्रात हिरव्यागार डोंगरावर कापसासारखी पांढरी मेंढरं आली. "न्हाई रं बाबा, काळी पायजेत. लांब कानाची. आन् गवत वाळल्यालं," ती मोबाईलला समजावत होती, आणि मी आतल्या खोलीत चहा पीत मनातल्या मनात खूश होत होतो. त्यातल्या त्यात बऱ्या चित्राची तिनं मोठी प्रिंट काढून आणली.

रविवारी आम्ही वरवंडला गेलो. आप्पांनी पडल्या पडल्याच प्रिंट डोळ्यांजवळ नेली.

"कुणी काढलं हे?"

"कुणी न्हाई आप्पा, मोबाईलनं," बायको म्हणाली.

"तरीच. घोडी कुठंय ह्यात? बिऱ्हाड काय डोक्यावर नेत्यात? आन् ही वाघर बघ." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "इतकी ढिली लावल्यावर लांडगा शिरंल न्हाई तर काय."

बायकोनं तिथंच मोबाईलकडून चित्रात घोडी घालून घेतली, तर आप्पा म्हणाले, घोडीवर कोंबड्या न्हाईत. मग त्यांची खरी घोडी कुठून आणली, कुठल्या घाटात तिचा पाय घसरला, कोकरं तिच्यावर कशी बांधायची, हे सगळं निघालं. बोलता बोलता त्यांनी अख्खी भाकरी संपवली. मी मात्र कुढत बसलो होतो. मी काढलं असतं तर नीट काढलं असतं, असंच मनात चाललं होतं.

तेवढ्यात आप्पांनी भिंतीकडं बोट केलं. लग्नानंतर मी त्यांना दिलेलं मेंढरांचं चित्र तिथं चौकटीत होतं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, मेंढरं गाडीच्या खिडकीतून पाहिलेली. ते चित्र मी पुस्तकात बघून काढलं होतं.

"राग मानू नका पावणं, पर ती बी आपली मेंढरं न्हाईत. पायच चुकल्यात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"जावयाच्या चित्रात चूक कोण काढतंय?"

माझे कान तापले. पोरांच्या वह्यांवर जन्मभर लाल शेरे मारणाऱ्या मला या घरात फक्त मान मिळाला होता, कुणी खरं कधी सांगितलंच नव्हतं. मोबाईलचा मान राखायची कुणाला गरज नव्हती, म्हणून त्या सुमार चित्रासमोर आप्पांचं तोंड उघडलं. माझ्या चित्राला ते कधीच जमलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

मी प्रिंट पालथी केली, खिशातली पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूवर एक मेंढरू काढून त्यांच्यापुढं धरलं. आप्पांनी लेकीला पाठीशी उशी लावायला सांगितलं आणि पडल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून उठून बसले.

"हे पुसा पैलं," मेंढराच्या पायांवर बोट ठेवून ते म्हणाले.