सावद्याच्या खोलीतला पीळ

खुशनुमा धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. माहेर सावद्याचं. अब्बा, नासीरभाई, केळीचे व्यापारी. त्यांची केळी पिकवायची एक जुनी खोली रिकामी पडली होती. भिंती जाड, आतली हवा बारा महिने सारखी. ती तिनं मागून घेतली.

वस्तुमानामुळे अवकाश वाकतो, हे आइन्स्टाइननं सांगितलं. पुढे काहींनी मांडलं की कणांना उपजत फिरकी असते आणि तिच्यामुळे अवकाशाला पीळही पडत असावा. तो पीळ लांबवर पोचत असेल, तर फिरकी भरलेल्या दोन वस्तू एकमेकींना किंचित वळवतील. खुशनुमाला तेच बघायचं होतं. दोन जातींची चुंबकं तिनं अशी जोडली की चुंबकत्व आपसात फिटावं आणि फिरकी उरावी. तो तुकडा आरशासह बारीक तारेला टांगला. आरशावरून उजेडाचा ठिपका भिंतीवर पडायचा. शेजारी जड चकतीवर तसाच दुसरा तुकडा ठेवून ती चकती फिरवायची.

शनिवारी यायचं, दार लावायचं, अंधार करायचा. शेजारच्या झुंबरबाईंना हे काही सरळ वाटेना. बाई गुप्तधन शोधते, असं त्यांनी ठरवलं आणि गल्लीला ते पटलं.

एका शनिवारी चकती फिरवताच ठिपका सरकला. विभागप्रमुख भूषण सर धुळ्याहून बघायला आले आणि पेपरात बातमी द्यायला निघाले. तिनं त्यांना थांबवलं.

"सर, इतक्या सहज मिळालं, म्हणूनच संशय येतोय."

तिनं टांगलेला तुकडा काढून तेवढ्याच वजनाचं साधं पितळ लावलं. त्यात तशी फिरकी नव्हती, तरी ठिपका तेवढाच सरकला. म्हणजे हा पीळ नव्हेच. चकतीचा भार एका अंगाला गेला की फरशीच केसभर कलत होती. तिनं टांगणीला वेगळा पाया घातला. ठिपका जागचा हलेना. 'आमच्या मोजमापात पीळ आढळला नाही,' असा शोधनिबंध तिनं लिहिला. भूषण सरांनी त्यावरून आपलं नाव काढायला लावलं.

पोरीला काही सापडलं नाही, असं अब्बांनी गल्लीत सांगितलं. झुंबरबाई म्हणाल्या, "सापडलं असतं त सांगलं असतं का तिनं?"

पुढच्या शनिवारी खोलीचं कुलूप तुटलेलं होतं. पाया फोडून तिथं पुरुषभर खड्डा खणलेला. तार, आरसा, तुकडे मात्र कोपऱ्यात जपून ठेवलेले. अब्बा पोलिसांत जायला निघाले. खुशनुमा खड्ड्यात उतरली. काळी माती संपून खाली कठीण मुरूम लागला होता.

"अब्बा, आधी सिमेंट मागवा. एवढा खोल पाया मला कधी जमला नसता."

नव्या पायावर ठिपका पूर्वीपेक्षा स्थिर राहिला. खणणारा कोण ते कळलं नाही. गल्लीत कुणी सलाम केला की खुशनुमाची नजर आधी त्याच्या हातांकडे जायची.

सिमेंटखाली काय पुरलं, हे विचारायला झुंबरबाई आल्या. "या, अक्का," म्हणून तिनं त्यांना आत बसवलं. त्या बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिल्या. जाताना त्यांनी टाचेनं फरशी दोनदा ठोकून पाहिली.