लघुपटात वारलेले आतोबा

माझ्या आत्याचं तोंड तिच्या कैचीसारखं आहे असं घरात सगळेच म्हणतात. फरक इतकाच, की कैचीला ती दर महिन्याला धार लावून आणते; तोंडाला लागत नाही.

जिन्याखालच्या दहा बाय आठच्या खोलीत एकेचाळीस वर्षं ती कपडे अल्टर करते आहे. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, अस्तर बदल. नवा कपडा ती शिवत नाही. "नवा कोणीही शिवतो. दुसऱ्यानं करून ठेवलेली घाण निस्तरायला अक्कल लागते," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते, आणि तेवढ्यात त्याच्या पँटची जुनी दुमड उलटी करून, "हे कोणी केलं? पायानं शिवलंय का?" असंही विचारून घेते.

तिच्या उजव्या हाताला खिडकीखाली स्टुलावर आतोबा बसतात. आतोबा म्हणजे तिचा नवरा. ते काजं करतात, हातानं. मशीनचं काज पाच सेकंदांत होतं. आतोबांचं व्हायला वीस मिनिटं लागतात. पण कोट फाटून पोतेरं झाला तरी त्यांचं काज सुटत नाही. दिवसभरात वीसेक शब्द बोलत असतील, त्यातले निम्मे "हं". बाकी सगळं बोलायचं काम त्यांनी आत्याकडे सोपवलेलं.

या दोघांच्या आयुष्यात लघुपट मी आणला. चूक माझी, हे आधीच सांगून टाकते.

मी ज्या संस्थेत नोकरी करते तिच्या सभागृहात दरवर्षी तरुणांचा लघुपट महोत्सव भरतो. वयाची अट पंचवीसच्या आत. नोंदणीच्या टेबलावर मी बसते, आणि आलेली प्रत्येक फिल्म नीट चालते की नाही हे तपासायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. त्या वर्षी एकतीस फिल्म आल्या. नऊ फिल्ममध्ये नळ ठिबकत होता. सहांत कोणीतरी आरशात स्वतःकडे बघत होतं आणि आरसा फुटत होता. अकरांत एक म्हातारं माणूस खिडकीतून बाहेर बघत होतं. बाहेर काय आहे ते एकाही फिल्ममध्ये दाखवलं नव्हतं. बहुधा करणाऱ्यानंही बघितलं नसावं. दोन फिल्म पूर्ण काळ्या होत्या. मला वाटलं फाइल बिघडली, म्हणून मी फोन केला. दोघांनीही थंडपणे सांगितलं, "ते तसंच आहे."

पण ही पुढची गोष्ट. महोत्सवाच्या तीन महिने आधी एक मुलगी टेबलाशी आली. वय बावीस. पंखा गरगर फिरत होता आणि हिच्या डोक्यावर लोकरीची टोपी. तिला "हातानं काम करणारी, खरीखुरी बाई" हवी होती. खोट्या बायका कुठे मिळतात ते मी विचारलं नाही. आत्याचा पत्ता दिला. आत्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं टोपीवाली.

शूटिंग तीन दिवस चाललं. टोपीवालीनं आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मग रेडिओ बंद केला, मग दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली. आत्यानं ती जाडीप्रमाणे लावलेली होती. पुढे महिनाभर तिला हवा तो दोरा सापडेना. मग टोपीवालीची नजर आतोबांवर गेली.

"आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसाल का? फ्रेममध्ये गर्दी होतेय."

"दोन माणसांची गर्दी?" आत्या म्हणाली.

आतोबा मात्र काही न बोलता स्टूल उचलून जिन्यावर जाऊन बसले. तीन दिवस त्यांनी तिथेच काजं केली. वरच्या मजल्यावरची माणसं त्यांना ओलांडून येत-जात होती.

आत टोपीवालीनं आत्याला मशीन दोऱ्याशिवाय चालवायला लावली, कारण दोरा मध्ये आला की सुईवरची चमक मिळेना. कापड दाबून धरणारा लोखंडी पायही वर उचलायला लावला, कारण त्याची सावली पडत होती. बिनदोऱ्याची सुई मोकळ्या कापडावर नाचत होती, आणि आत्या माझ्याकडे असं बघत होती की मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर सटकले.

"मावशी, आता असं बघा, की तुम्ही कोणाची तरी वाट बघताय."

"गिऱ्हाइकाची?"

"नाही, जो कधीच परत येणार नाही अशा कोणाची तरी."

"जो परत येत नाही त्याचे कपडे मी सहा महिन्यांनी देऊन टाकते," आत्या म्हणाली. "वाट कसली बघायची त्यात?"

शेवटच्या दिवशी टोपीवालीनं हँगरला लावलेल्या एका करड्या कोटाचं जवळून शूटिंग केलं. कोटाला आतोबांची पाच काजं होती. तासभर ती त्या काजांवरून कॅमेरा फिरवत होती. आतोबांनी जिन्यावरून मान लांब करून ते पाहिलं, आणि घरी जेवताना आपणहून म्हणाले, "कोट बराच वेळ घेतला तिनं." त्यांच्या मानानं हे भाषणच.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं सभागृहात आली. एकेचाळीस वर्षांत कामाच्या दिवशी दुकान पहिल्यांदा बंद. आतोबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांच्या शेजारीच बसले.

त्यांच्या फिल्मच्या आधी चार फिल्म होत्या. पहिल्या तिन्हींत आत्या जांभया देत होती. चौथीत एक माणूस गाडीचं पंक्चर झालेलं चाक बदलत होता. आत्या पुढे सरकून बसली. त्यानं नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं, नवं चाक उचललं, आणि पडद्यावर समुद्र आला. फिल्म संपली.

"बसवलं का नाही चाक?" आत्यानं मोठ्यानं विचारलं. कोणीतरी "शूऽऽ" केलं. "अर्धवट टाकून गेलाय मेला," ती म्हणाली.

मग 'धागा, ती आणि शांतता' सुरू झाली. ही बत्तिसावी फिल्म त्याच सकाळी येऊन पोचली होती, म्हणून मीही ती तपासलेली नव्हती. बिनदोऱ्याची सुई पडद्याएवढी मोठी होऊन नाचली. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे बारावी म्हातारी झाली. वर टोपीवालीचा स्वतःचा आवाज, घसा बसल्यासारखा:

"तो गेला त्याला दहा वर्षं झाली. त्याची खुर्ची अजून रिकामीच आहे."

पडद्यावर रिकामी खुर्ची. ती गिऱ्हाइकांची होती; आतोबा जन्मात त्या खुर्चीवर बसलेले नाहीत. क्षणभर आम्हा तिघांनाही कळेना, कोण गेला ते. मग करडा कोट आला, आणि ती पाच काजं एकापाठोपाठ एक.

"एकेक काज ती त्याच्या आठवणीत विणते."

आतोबा माझ्याकडे झुकले. "काजं विणत नाहीत," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा झुकले. "माझी आहेत ती."

दिवे लागले. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागे वळून आत्याचा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं आतोबांना विचारलं, "आपण यांचे भाऊ का?"

टोपीवाली स्टेजवर आली. सूत्रसंचालक म्हणाला, प्रेक्षकांनी प्रश्न विचारावेत. आत्या उभी राहिली.

"बाई, हा माझा नवरा. उठा हो."

आतोबा उठले. सभागृहात आधी हशा, मग एवढा टाळ्यांचा कडकडाट, की फिल्ममधल्या त्या सुईत दोरा असता तर तोही नाचला असता. "वा!" सूत्रसंचालक ओरडला. "म्हणजे फिल्मचा खरा शेवट आत्ता आपल्यासमोर घडतोय!"

टोपीवाली हसली. "मावशी, ते प्रतीक आहे. फिल्ममधला 'तो' म्हणजे हे आजोबा नाहीत. तो म्हणजे हरवलेला काळ."

"काळ हरवला असेल तर काळ म्हण ना. नवरा कशाला मारलास?"

पुन्हा टाळ्या. ज्या माणसाच्या बोलण्याला लोक टाळ्या वाजवायला लागतात, त्याचं बोलणं मग कोणी ऐकत नाही. आत्याला ते कळलं आणि ती बसली. आतोबा उभेच होते, कारण त्यांना बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "काजं मी केलीत." पण माइक तोवर पलीकडच्या रांगेत गेला होता, आणि तिथला एक तरुण कॅमेऱ्याची भिंगं कुठली वापरली ते विचारत होता.

संध्याकाळी निकाल लागला. दाढीवाल्या परीक्षकांनी या फिल्मला विशेष पारितोषिक दिलं. "सत्य आणि कल्पना यांच्या सीमेवर उभी राहण्याचं धैर्य" असं प्रमाणपत्रावर छापलं होतं. त्या धैर्यावर संस्थेचा शिक्का मीच मारला. नोकरी आहे, मारला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. आतोबांनी स्टूल उचललं आणि जिन्यावर नेऊन ठेवलं.

"आत बसा की," आत्या म्हणाली. "शूटिंग संपलं."

"इथे उजेड बरा आहे," ते म्हणाले.

जिन्यात उजेड बरा नाही. तिथे चाळीसचा एक बल्ब आहे आणि तोही मधूनच डोळा मारतो. पण आतोबा तिथेच बसू लागले. एक काज करायचे, उलटसुलट बघायचे आणि उसवून टाकायचे. आत्या घरी मला म्हणाली, "मेलेला दाखवला त्याचं त्यांना काही नाही गं. लोक मरतातच. त्यांची काजं माझ्या नावावर लावली, ते लागलंय." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. आत्याला मी रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही पाहिलं नाही; पण भांडी तिनं दोनदा घासली.

पाचव्या दिवशी तिनं टोपीवालीला फोन लावायला सांगितलं. मी शेजारीच होते.

"त्या दोन ओळी काढून टाक. नवरा गेल्याची आणि काजांची."

"मावशी, फिल्म आता लॉक झालीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आता काहीच बदलता येत नाही."

"उसवता येत नाही अशी शिवण मी एकेचाळीस वर्षांत पाहिली नाही," आत्या म्हणाली.

"आणि तीन ठिकाणी पाठवलीय पण. तुम्ही आता खूप ठिकाणी पोचणार, मावशी!" टोपीवालीला वाटलं, आत्या हे ऐकून खूश होईल.

त्याच आठवड्यात एका वर्तमानपत्रात दोन इंच बातमी आली, 'एकाकी शिवणकाम करणाऱ्या विधवेची कहाणी'. त्यावरून दुकानात माणसं येऊ लागली. पूर्वी ज्यांनी पँटच्या दुमडीवरून आत्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ते खालच्या आवाजात विचारायचे, "तुम्ही जेवता ना वेळेवर?" एक बाई तर डबाच घेऊन आली. सगळे जिन्यावर बसलेल्या आतोबांना ओलांडून आत येत होते.

त्या डब्यानंतर आत्यानं खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूनं त्यावर लिहिलं: "नवरा जिवंत आहे. काजं तोच करतो, हातानं. खोटं वाटत असेल तर आत येऊन बघा." पुठ्ठा दारावर टांगला.

आता "आत येऊन बघा" म्हटल्यावर बघायला कोणीतरी आत असायला हवं. पहिलं गिऱ्हाईक आलं, पाटी वाचून म्हणालं, "कुठे आहेत?" आत्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, तुम्हाला बघायला आलेत. किती वेळ उभं करायचं माणसाला?" आतोबा आत आले. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा आले. तिसऱ्या वेळी ते स्टूल घेऊनच आले आणि खिडकीखाली बसले. त्या दिवशी त्यांनी चार काजं केली आणि एकही उसवलं नाही.

चार महिन्यांनी टोपीवाली उगवली. टोपी नवी होती. फिल्म कुठल्याशा मोठ्या महोत्सवात निवडली गेली होती आणि तिथे घालायच्या नव्या कोटाला नीट काजं हवी होती. दारावरचा पुठ्ठा वाचून ती थबकली. मला वाटलं, ओशाळली.

"किती सुंदर आहे हे!" ती म्हणाली आणि तिनं फोन काढला.

"खिशात ठेव ते," आत्या म्हणाली.

आतोबांनी कोट हातात घेतला, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "बस. दाखवतो."

ती त्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली. आतोबांनी खूण केली, चीर दिली, कडेनं दोरा टाकून घेतला आणि एकेक टाका घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाक्याला गाठ, प्रत्येक गाठ शेजारच्या गाठीला चिकटून. दहा मिनिटांत अर्धं काज झालं.

"एवढा वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"लागतो."

"मला वाटलं होतं..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलत बोलत ती बाहेर गेली, खिडकीतून हातानंच 'येते' अशी खूण केली आणि रस्ता ओलांडून निघून गेली. तेव्हा एक टाका अर्धवट आतोबांच्या सुईवर होता.

"बाही शिवून टाका त्या कोटाची," आत्या म्हणाली. "हातच घालता येऊ नये."

"कोटानं काय केलंय?" आतोबा म्हणाले आणि त्यांनी सहाच्या सहा काजं पुरी केली. कापड चांगलं होतं. दोरा त्यांनी तीनदा बदलून रंग जुळवला.

गुरुवारी कोट न्यायला ती आली नाही, कुरियरवाला आला. हेल्मेट न काढताच त्यानं पाकीट मागितलं. आतोबांनी कोट घडी करायच्या आधी त्याच्यासमोर धरला.

"बघा, नीट झालीत का."

त्यानं हेल्मेटची काच वर केली, एका काजातून बोट घातलं, बाहेर काढलं. "मजबूत आहेत," तो म्हणाला.

आतोबांनी कोटाची घडी घातली, पाकिटात सारली, आणि तोंड चिकटवायला आत्याकडे दिलं.