सरांच्या केबिनमधलं बंद पोर्ट

महाडच्या कॉलेजात नेटवर्कचं काम माझ्याकडे होतं. ऐन प्रवेशाच्या गर्दीत एका दुपारी सगळ्या इमारतीतलं नेट बसलं. शोधत शोधत मी मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये पोचले. भिंतीतल्या दोन्ही सॉकेटांतून वायरी काढून सरांनी एकाच छोट्या स्विचला, म्हणजे नेटच्या वायरी जोडायच्या डबीला, जोडल्या होत्या. दोन वायरींनी नेट दुप्पट होईल, असा त्यांचा समज. झालं उलटंच. तोच डेटा गोल गोल फिरत राहिला आणि सगळं गुदमरलं. माझ्यादेखत त्यांनी एक वायर उपटली. नेट आलं.

संध्याकाळी प्राचार्यांसमोर तेच सर म्हणाले, "मॅडमनी सेटिंगमध्ये काहीतरी केलं असणार."

मी खरं ते सांगितलं, पण वायर दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. माझी बदली संस्थेच्या पोलादपूरच्या शाळेत झाली. एसटीत बसले की मी मनातल्या मनात सरांना सुनवायचे. राग ओसरला नाही. मी तो ओसरू दिला नाही.

वर्षभराने कॉलेजात नवे स्विच आले आणि मला परत बोलावलं. प्रत्येक स्विचवर मी स्पॅनिंग ट्री चालू केलं. वायरींचं वर्तुळ झालं, तर ही सोय त्यातली एक वाट आपणहून बंद करते. केबिनांच्या वायरी स्विचला जिथे लागतात, त्या पोर्टांवर आणखी एक पहारा बसवला: तिथे कुणी असा घोळ घातला, तर ते पोर्टच बंद. थोड्या वेळाने ते आपोआप उघडायची सोय असते. ती मी मुद्दाम ठेवली नाही.

सरांनी पुन्हा तेच केलं. कॉलेज चालत राहिलं. फक्त त्यांची केबिन बंद पडली. फोन आला.

"मॅडम, जरा बघता का?"

"बघते. त्या दिवशी वायरी कुणी लावल्या होत्या, ते आधी सगळ्यांसमोर सांगा."

त्यांनी फोन आपटला. मग मोबाइलच्या नेटवर कसंबसं काम रेटत राहिले. चहावाल्या मावशींनी विचारलं, "सरांचं नेट चालत नाय काय गो? लय चिडलेत."

"चालेल मावशी," म्हणत मी बिस्किट चहात बुडवलं.

शेवटी स्टाफ मीटिंगमध्ये सर उभे राहिले. "तेव्हा वायरी मीच लावल्या होत्या," ते खाली बघत म्हणाले.

"बरं, पुढचा विषय," प्राचार्य म्हणाले. माझ्या बदलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी तिथेच लॅपटॉप उघडून पोर्ट चालू केलं. घरी आई म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता सोड."

झालं होतं. पण त्यांची मान खाली गेली तो क्षण फारच लहान होता. मी तो अजून पुन्हा पुन्हा आठवते.