कानात घालायच्या नळ्या

कल्याणात एक इसम फोनोग्राफ घेऊन आला आणि एका व्यापाऱ्याच्या माडीवर गावातल्या गवई बुवांचं गाणं यंत्रात उतरवून घेण्याची बैठक ठरली. पेटी गाते यावर माझा काडीइतका विश्वास नव्हता. आत काहीतरी हातचलाखी असणार. म्हणून बुवा गाऊ लागले तरी मी आवाज टिपणाऱ्या कर्ण्याला खेटून बसलो आणि त्या माणसाच्या हातांवरची नजर हलवली नाही.

गाणं संपलं. आता ते ऐकायला कानात रबरी नळ्या घालायच्या होत्या. त्याच्याकडे दोन जोड होते. बारीक, कडक टोकांचा जोड त्याने स्वतः लावून सगळं गाणं तपासलं. मग तो बाजूला ठेवला आणि मला मऊ, रुंद जोड दिला. त्यातून बुवा घोंगडी पांघरून गात असल्यासारखे वाटले.

"मला तुमचा द्या," मी म्हणालो.

"हाच बरा. कानाला टोचत नाही."

माझा संशय पक्का झाला. मी बारीक जोड उचलून कानात घातला आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

बुवा अगदी स्वच्छ ऐकू आले. मग दोन तानांच्या मधे, बुवांहून जवळून, कोणीतरी कुजबुजलं, "लबाड आहे लेकाचा, नजर ठेवा याच्यावर." आवाज मला ओळखू आला नाही. शब्द मात्र मीच गाणं चालू असताना शेजारी बसलेल्याला म्हटलेले होते.

मी मान वर केली. माझ्याकडे न बघता तो पुढच्या पाहुण्याला मऊ जोड देत होता.