देवीची मर्यादा

गेलं वर्षभर मी कुलदेवीशी भांडत होते, हे आधीच कबूल करते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहिले, खणानारळानं ओटी भरली, आणि तरी माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाची नजर विझतच चालली. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनचा, औषध नाही. घरी येऊन मी गळ्यातल्या देवीच्या टाकाला विचारलं, "तुला दुसरं घर सापडलं नाही का गं?"

माझं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. त्याप्रमाणे शहरातल्याच गौलीगुडा मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची मुलगी लहानपणापासून माझ्या मुलासाठी ठरलेली होती. साखरपुडा तोंडावर आला होता आणि भावाला आजाराचा पत्ता नव्हता. मीच लागू दिला नव्हता. आंधळ्या होणाऱ्या मुलाला परकं कोण मुलगी देणार? भाची घरची, तिला सांगावंही लागणार नाही, ती सांभाळून घेईल, असा माझा हिशेब. मुलाला मात्र सांगितलं होतं, "मामाला सगळं ठाऊक आहे." त्यानं आईवर विश्वास ठेवला.

दवाखान्यात मुलगा, नवरा आणि मी, आम्हा तिघांचं रक्त घेतलं होतं. अहवालाच्या दिवशी मी एकटीच गेले, कारण तिथून पुढं कोठीच्या बाजारात साखरपुड्याची साडी घ्यायची होती. अहवाल समजावणाऱ्या तेलुगू मुलीनं कागदावर आमच्या घराण्याचं झाड काढलं आणि विचारलं, "घर में पहले किसी को रात को दिखता नहीं था क्या?" मी ठामपणे नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते. उलट अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे दिवेलागणीनंतर पुरुषमाणूस उंबरठा ओलांडत नाही, देवीची मर्यादा आहे ती. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, तर तिन्हीसांजेला भिंतीला हात लावत लावत देवघरात जात आणि सकाळपर्यंत तिथून हलत नसत. त्या मुलीचं पेन थांबलं. मग तिनं झाडावर आजोबांच्या नावाभोवती गोल केला, तेव्हा मला कळलं. ज्याला आम्ही भक्ती म्हणत आलो, तो रातांधळेपणा होता.

मग तिनं समजावलं. आजोबांच्या रक्तातला तोच दोष माझ्यातही होता आणि माझ्या नवऱ्यातही. एका बाजूनं आला तर तो गप्प बसतो, दोन्हीकडून आला की लेकराला भोवतो. देशभरातल्या घराण्यांतले असे दोष नोंदवून ठेवतात म्हणे, आणि आमचा त्यात अजून नव्हता, तो आता नोंदवणार. घराण्याचं नाव निघालं ते असं! शेवटी ती म्हणाली, होणारी सून नात्यातली असेल तर तिची तपासणी आधी करा. मी म्हटलं, "बाहर की है." देवीचा टाक गळ्यात असताना म्हटलं.

फाइलवर शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसले. शेजारी बुरख्यातली एक म्हातारी होती. तिनं मला तिच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचायला सांगितला, मग सहज विचारलं, कुठं निघालीस. सुनेची साडी घ्यायला, भावाचीच मुलगी आणतेय, असं मी सांगून टाकलं. ती माझ्याकडं वळली.

"मैं बी भाई की बेटी लाई थी, अम्मा. बेटे की आँखां जारे, मेरेकू मालूम था. उसकू नई बोली. अब दो पोते हैं, दोनोंकू नई दिखता. बहू रोटी देती मेरेकू, बात नई करती."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला आणि ती भिंतीला हात लावत आत गेली. मी शिक्का घेतला. कोठीला गेलेच नाही, रिक्षावाल्याला गौलीगुडा सांगितलं.

भावानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "ताई, माझ्या पोरीला तू काठी म्हणून न्यायला निघाली होतीस का गं?"  त्या दिवाळीत मी ओवाळणीचं ताट करून बसले, तो आला नाही. मुलाला माझं खोटं कळलं, तेव्हा त्यानं आपलं जेवण वेगळं वाढून घ्यायला सुरुवात केली. भाचीची तपासणी झाली. दोष तिच्यातही निघाला. तिनं अहवालाचा फोटो मला पाठवला, खाली दोनच शब्द, "आत्या, थँक्यू." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती म्हातारी मला पुन्हा कधी दिसली नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. मी देवीकडे मुलाचे डोळे मागितले होते, तिनं मला भाचीचं आयुष्य नासवू दिलं नाही. मागितलेलं मिळालं नाही म्हणून आजही कडवटपणा आहे, आणि तरी हात जोडले जातात. तिच्या नावानं आम्ही घातलेली मर्यादा मात्र मी मोडली. आता दिवा लावला की मी दार उघडं ठेवते. मुलगा पांढरी काठी घेतो, माझा हात बाजूला करतो आणि उंबरठा ओलांडून बाहेर पडतो. मी त्याला अडवत नाही.