खरा शाहीर आणि आमच्या ह्यांचं मशीन

माझ्या नवऱ्यामुळे एका शाहिराला भर मांडवात लोकांनी डुप्लिकेट ठरवलं होतं.

शाहीर खरा होता. समोर उभा होता.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घालताना काहीतरी गंभीर आठवावं म्हटलं, तर हेच आठवलं आणि हसू आलं. भटजी बघत राहिले.

नवीन मित्रमैत्रिणींसाठी सांगते. आमचे हे, मल्लिनाथ, सोलापुरात लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, बारसं असो, ह्यांचा भोंगा ठरलेला.

पण एक खोड होती. रेकॉर्ड लावायच्या आधी माइकवर सगळ्यांची नावं सांगायचे. गायक कोण, गीत कुणाचं, ढोलकी कुणाची, कंपनी कोणती. तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळत.

लोक ओरडायचे, "मल्लू, लाव की लवकर!"

"ज्यानं वाजवलं त्याचं नाव नको का घ्यायला?" हे म्हणायचे, आणि कंपनीचा पत्तासुद्धा वाचायचे.

आमची नात रॅप ऐकते. एकदा तिने ह्यांना ऐकवलं. मला वाटलं, आता कान धरतील. तर ह्यांचा प्रश्न, "ढोलकी कुणाची?"

ती म्हणाली, "आजोबा, लॅपटॉपवर केलंय."

"मग त्या लॅपटॉपवाल्याचं नाव सांग."

तेव्हापासून दोघांची गट्टी. प्रोड्यूसर कोण, लेबल कोणतं, यावर तासन्‌तास चर्चा. मी चहा करून करून दमले.

तर मूळ गोष्ट. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची असेल. माझं नुकतंच लग्न झालेलं.

ह्यांचं दैवत होतं शाहीर भाऊबा. खानदेशाकडचे. आमच्याकडे कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांची एक मोठी रेकॉर्ड ह्यांच्याकडे होती. कव्हरवर हा एवढा धिप्पाड माणूस, भल्या मिशा.

आणि आवाज? बारीक. शब्द तर असे धडाधडा यायचे की श्वास घेतो कधी तेच कळू नये.

सगळी पेठ वेडी झाली होती. पोरं एका दमात अख्खा पोवाडा म्हणायची पैज लावायची. बायका धुणं धुताना म्हणायच्या. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

ह्यांनी मंडळाच्या मागे भुणभुण लावून लावून शेवटी शाहिरांना गणपतीत बोलावलंच. त्या आठवड्यात हे नीट जेवले नाहीत. माझ्याशी तर लग्नापासून आपणहून बोललेच नव्हते.

शाहीर आले. मिशा त्याच. मांडव खचाखच. डफावर थाप पडली, आणि विहिरीतून यावा तसा खर्जातला आवाज आला. चालही अगदी सावकाश.

कुजबुज सुरू झाली.

मंडळाचे अध्यक्ष ह्यांच्याजवळ आले. "मल्लू, कुणाला आणलास रं? आमाला रेकॉर्डवाला पायजे."

"तेच हायत. घसा बसला आसंल परवासानं."

मागून कुणीतरी ओरडलं, "डुप्लिकेट हाय!" मग काय, शिट्ट्याच. शाहिरांनी डफ खाली ठेवला. तो चेहरा मला अजून दिसतो. बिचारा एवढा मोठा माणूस, मान खाली घालून बसला.

ह्यांना ते सहन होईना. आणि आमच्या ह्यांनी डोकं लावलं. खरं-खोटं करायला त्यांनी रेकॉर्डच लावली!

भोंग्यातून तोच बारीक, धडधडणारा आवाज. लोक म्हणाले, बघा, आम्ही काय म्हणत होतो?

शाहीर ह्यांना म्हणाले, "हे कोण गातंय?"

"तुमीच की."

शाहीर उठले, मशीनपाशी आले, वाकून बघितलं. मग फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट हलकेच टेकवलं. रेकॉर्ड हळू झाली आणि भोंग्यातला आवाज उतरत उतरत त्यांच्या आवाजाला येऊन मिळाला.



मशीन ह्यांनी बार्शीहून जुनं घेतलेलं. त्याचा स्पीडचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरच अडकलेला. सिनेमाच्या लहान रेकॉर्ड त्याच स्पीडच्या, त्या बरोबर वाजायच्या. शाहिरांची मोठी रेकॉर्ड तेहतीसची. ती बिचारी इतके दिवस पळत होती.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हे मागच्या मागे पळणार.

ह्यांनी माइक हातात घेतला.

"गायक, शाहीर भाऊबा. खरे. ढोलकी, त्यांचे बंधू. चूक, मल्लिनाथ."

पहिल्यांदा हसले ते शाहीर. मग अख्खा मांडव. हसू ओसरल्यावर शाहीर म्हणाले, "तुमच्या मशीनला जमतं, तर मलाही बघू द्या."

आणि सुरू झाले त्या स्पीडने! तिसऱ्या कडव्याला दम लागला, खोकला आला. थांबले.

पण मांडव थांबला नाही. पोरं, बाया, अध्यक्ष, सगळ्यांनी तोच पोवाडा, त्याच वेगाने, एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत नेला. शाहीर डफ मांडीवर घेऊन ऐकत बसले.

सकाळी आम्ही दोघं त्यांना एसटीत बसवायला गेलो. हे माफी मागायला लागले, तर शाहिरांनी ह्यांचा हात धरला.

"मल्लिनाथ, लोक माझं ऐकतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. माझं गाणं मलाच कुणी म्हणून दाखवलं नव्हतं."

एसटी गेली आणि हे स्टँडवर सगळ्यांदेखत रडायला लागले. मी नवी नवरी, मला लाजून मेल्यासारखं झालं. तरी पदर पुढे केला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ."

लग्नानंतर ह्यांनी माझ्याशी आपणहून काढलेला तो पहिला शब्द.

त्या चहावर इतकी वर्षं संसार झाला. अहो, आता एकटीला चहा गोड लागत नाही.

नमस्कार करते.

तुमची,
सुमन