जयूच्या नावाची मनाई

मधुकरकाकांचा खटला मी बुडवला. निकालात तसं लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

काका फ्रीगंजमध्ये आमच्या शेजारी राहतात. रेल्वेतून रिटायर झाले, पण उज्जैनच्या मराठी घरांत त्यांची ओळख जयूकाकूचे यजमान हीच. काकूने १९९१ पासून घरी गोडा मसाला करून विकला. पुड्यावर दत्ताचं चित्र आणि खाली 'जयूचा मसाला'. २०१२ साली ती गेली. मूलबाळ नव्हतं. काकांनी तिच्याच मापाने मसाला चालू ठेवला. "पुडा बांधला ना यशोधन, की लगता है ती घरातच आहे," असं मला एकदा म्हणाले होते.

देवास गेटचा गोपाळ त्यांच्याकडून घाऊक माल न्यायचा. त्याने गुपचूप 'जयूचा मसाला' हे नाव आपल्या फर्मसाठी रजिस्टर करून घेतलं, मसाला भलतीकडून दळून आणला आणि वर काकांवरच दावा ठोकला, की हा म्हातारा आमचं नाव वापरतो! इतका निर्लज्ज माणूस मी जन्मात पाहिला नाही.

जजसाहेब वाईट असते तर त्यांना शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण ते सरळ होते. आमच्याआधी त्यांनीच अगरबत्तीवाल्यांच्या भांडणात रजिस्ट्रेशन नसलेल्या जुन्या कारखानदाराच्या बाजूने निकाल दिला होता. आमच्या वकीलबाई अश्लेषाताईंनी तोच निकाल पुढे केला.

"मैं भी यही कह रहा हूँ मैडम," जज म्हणाले. "आप इनके रजिस्ट्रेशन से पहले से बेच रहे थे, तो पुराना लेबल दिखाइए। एक भी चलेगा।"

एक! काकूच्या जुन्या लेबलांवर घरचा पाच आकडी फोन नंबर छापलेला होता. तसले नंबर गावातून केव्हाच गेले, त्यामुळे लेबल किती जुनं ते कोणालाही कळलं असतं. अशा लेबलांची अख्खी ट्रंक होती. २०१६च्या सिंहस्थाला काकांकडे पुण्याचे अकरा पाहुणे यायचे होते आणि खोली रिकामी करायची होती. काका म्हणाले, "दत्तमहाराज आहेत रे त्याच्यावर, कचऱ्यात कसे फेकणार? शिप्रेत सोडून ये." मी स्कूटरवर तीन चकरा मारून रामघाटावर सगळी लेबलं सोडली. वर हातही जोडले, मूर्खासारखे.

बिलं नव्हतीच. ओळखीच्यांना बिल देणं काकूला अपमान वाटायचा. लेबलं छापणारा छापखानाही बंद पडलेला. काकूच्या जुन्या गिऱ्हाईक प्रतिभामावशींनी साक्ष दिली, "हमारे अमोल की मुंज में यही मसाला था." समोरच्या वकिलाने विचारलं, "मुंज का कोई कागज़ है?" लोक हसले. मावशी रडकुंडीला आल्या.

मग माझी पाळी. लेबलं कुठे गेली, या प्रश्नाला खोटं बोलावं असं शंभरदा वाटलं. "शिप्रा में बहा दीं," मी म्हणालो. जजनी पेन खाली ठेवलं. काकांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

निकाल गोपाळच्या बाजूने लागला. काकांनी मसाला खुशाल करावा, पण जयूचं नाव पुड्यावर, पाटीवर किंवा गिऱ्हाइकाशी बोलतानाही वापरू नये.

काका उभे राहिले. "साहब, वो मेरी पत्नी का नाम है।"

"मुझे मालूम है," जज हळू आवाजात म्हणाले आणि पुढची ओळ वाचू लागले.

अपील करता येईल, असं अश्लेषाताई म्हणाल्या. पण पुरावा म्हणून दाखवायला काहीच उरलं नव्हतं. काका आता कोऱ्या पुड्यांत मसाला बांधतात. महिन्याला पाच-सहा पुडे जातात, तेही आमच्यासारखे लाजेखातर नेतात.

परवा मी तिथेच बसलो होतो. बँकेत बदलून आलेल्या देवश्री नावाच्या बाई आल्या. त्यांनी पुडा हातात घेतला, वास घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"काका, वास छान आहे हो. पण यावर नावच नाही. मला जयूचा हवा होता, असली. सासूबाईंनी बजावून सांगितलंय, नकली आणू नकोस."

मी तोंड उघडलं. काकांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मग ते उठले, बाईंना दारापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "देवास गेटला जा. उजव्या हाताला तिसरं दुकान. तिथे मिळेल तुम्हाला जयू."